चालता येतं का, सर?

टोरांटोहून दुर्गेशनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, प्रत्येक विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. निमूट बसायचं."

"अरे, मी रोज सकाळी फिरायला जातो!"

"विमानतळावर सगळेच म्हातारे लंगडे होतात, बाबा. रांगेत उभं राहावं लागत नाही."

निवृत्त प्राचार्य इंद्रकुमार बिसेन हसले होते. मे महिन्यातल्या त्या दुपारी बिरसीच्या विमानतळावर मात्र ते खुर्चीत अंग चोरून बसले. ओळखीचं कुणी बघत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहत राहिले.

विमानाकडे निघताना खुर्ची ढकलणारी दामिनी थबकली. सालेकशाकडची एक म्हातारी, भागीरथा, भिंतीला धरून उभी होती. लेकीकडे हैदराबादला निघालेली. पाय सुजून खांबासारखे झालेले.

"सर, थोडंसं चालता येते का तुम्हाले? दुसरी खुर्ची याले वेळ हाय. आजीले बसवली असती."

येतं, म्हणायचं होतं. पण मग बसलात कायले, असं तिनं विचारलं तर... लोक बघत होते.

"नाही," ते म्हणाले.

"बसा ना जी मास्तर," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी येऊन राहिली मांगून."

दामिनी तिला थांबा, थांबा म्हणत होती. म्हातारी थांबली नाही.

विमानाच्या खिडकीतून इंद्रकुमारांना दिसलं. तापलेल्या डांबरावर ती मधेच खाली बसली होती. कुणी छत्री धरली. लोक धावले. बऱ्याच वेळानं छत्री मिटली आणि चादर आली.

विमान उशिरा निघालं. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पुढच्या मोठ्या विमानात दुर्गेशनं महागाचं तिकीट काढलं होतं. सीट पलंगासारखी आडवी व्हायची. मऊ मोजे, दुलई, तोंड पुसायला गरम टॉवेल. खिडक्या झाकून भर दिवसा अंधार केला होता. इंजिनाच्या घरघरीखाली इंद्रकुमारांना काहीतरी ऐकू आलं. गालिच्यावर अनवाणी पाऊल. धाप. मग दुसरं पाऊल. तापल्या डांबराचा वास नाकात शिरला.

त्यांनी वाकून पाहिलं. सीटांमधली वाट रिकामी होती. डोळे मिटले, की पाऊल पुन्हा... एक रांग जवळ.

त्यांनी घंटी दाबली. "पीछे... कोई चल रहा है क्या?"

"सब सो रहे हैं, सर," हवाईसुंदरी कुजबुजली. "पैरों के नीचे एक तकिया और दूँ?"

त्यांनी ती उशीही घेतली. घेतल्यावर रडू आलं.

टोरांटोला विमानाच्या दाराशी त्यांच्या नावाची खुर्ची तयार होती. बसायचं नाही, एवढंच सांगायचं, मला चालता येतं. सारी वाट त्यांनी हेच घोकलं होतं. पण सवयीनं बसले, आणि लांबलचक बोळात मागून पाऊल वाजलं. आता उतरलो तर ती... गाठेल.

"जरा लवकर ढकला," ते इंग्रजीत म्हणाले आणि पाय पोटाशी घेतले.

बाहेर दुर्गेश धावत आला. वाकून बाबांच्या पाया पडला. मग खुर्चीला आणि ती ढकलणाऱ्यालाही वळसा घालून मागे गेला आणि तिथं रिकाम्या जागीही वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला, डोक्यावर कुणीतरी हात ठेवला असावा तसा.