चौकटीवरच्या निळ्या रेघा

फ्लॅट घेताना काय काय बघायचं, ते थोरल्या जाऊबाईंनी तिला पढवूनच पाठवलं होतं. जाऊबाई स्वतः एकदा सपाटून फसल्या होत्या, म्हणून या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"नळ सोडून बघ," त्या फोनवर सांगत होत्या. "भिंतीला हात लाव. ओल डोळ्याला दिसत नाही, हाताला कळते. फरशी वाजवून बघ, पोकळ वाजली तर समज, खाली मालच घातला नाही. आणि मुख्य म्हणजे, हाच फ्लॅट आणखी कुणाला विकलाय का, ते हुंगून काढ. आमचा मेल्याने तिघांना विकला होता. तिघंही एकाच दिवशी कुलूप घेऊन हजर!"

"ताई, हुंगून कसं कळणार?"

"बाईला कळतं. घरात कुणी वावरलं असेल तर वास राहतो."

तिने ते सगळं मनात पक्कं बसवलं. शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं, कागदातलं तिला कळायचं नाही. ते नवरा बघणार होता. पण घर तर बघता येतं ना? उद्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. घरमालकाने खोली रिकामी करा म्हणून दोनदा सांगून झालं होतं. एकदा सह्या झाल्या की मागे फिरायला वाट नव्हती. आणि ते घर नुसतं त्या दोघांचं थोडंच होतं? ठमी तिथेच मोठी व्हायची होती.

ठमी म्हणजे तिची तीन वर्षांची पोर. निघायची घाई चाललेली, आणि ही स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभी. "मला माप."

हा त्या दोघींचा खेळ होता. ठमीने टाचा चौकटीला टेकवून हनुवटी वर करायची. आईने तिच्या डोक्यावर कंगवा आडवा धरायचा आणि कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूने रेघ ओढायची. रेघ पुरी होता होता ठमीला गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळून अंग चोरायची, आणि आईचा हात घसरायचा. त्यामुळे चौकटीवरच्या प्रत्येक रेघेला शेवटी खाली वळलेलं शेपूट होतं. त्या सकाळच्या रेघेलाही आलं.

"चला आता, का ही ताडमाड होऊनच निघणार आहे?" नवरा चपला घालून दारात खोळंबला होता. वाटेत बायकोच्या सूचना ऐकून तो म्हणाला, "अगं, घर बघायला चाललोय आपण, चोर पकडायला नाही."

"कधीकधी एकाच फेरीत दोन्ही होतं," ती म्हणाली.

इमारतीपाशी पोचले तेव्हा दुपार कलली होती. सुट्टीचा दिवस, काम बंद. सिमेंट कालवायचं यंत्र तोंड वर करून पडलेलं. सुपरवायझर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत पुढे आला. पोपटासारखा बोलका माणूस.

"लिफ्ट पुढच्या महिन्यात चालू होणार, ताई."

"कुठल्या पुढच्या?" तिने विचारलं. नवऱ्याने तिला डोळ्यांनीच दटावलं.

ती जिना चढू लागली. बांधकामावर नेहमी ठोकाठोक असते, त्यामुळे ती थांबली की शांतता अंगावर येते. ओला चुना, लोखंड, बंद हवा यांचा वास जिन्यात कोंडला होता. प्रत्येक मजल्यावर बिनलाकडाच्या, नुसत्या भोकांच्या चौकटी. त्यांच्या आत काळोख. ठमी कडेवर होती आणि बोलत नव्हती. ठमी गप्प राहणारी पोर नव्हे. ती गप्प झाली की समजावं, कुठेतरी काहीतरी सांडलंय.

त्यांच्या फ्लॅटला मात्र दार बसवलेलं होतं, रंगही झालेला.

"तयार करून ठेवलाय एकदम," सुपरवायझर म्हणाला. "या मजल्यावर पहिला तुमचाच."

"आधी कुणी राहून गेलंय इथे?"

तो हसला. "ताई, अहो अजून मीटर लागायचाय. भूतच राहील बिनविजेचं."

तिने नळ सोडला. आधी हवेचा सुस्कारा आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. भिंतींवरून तळवा फिरवला, कोरड्या. फरशी बोटाच्या पेराने वाजवत ती खोलीभर उकिडवी फिरली. नवरा म्हणाला, "डॉक्टर आहे आमच्याकडे, पाठ वाजवून निदान करते." सुपरवायझर नको इतका हसला. फरशी कुठेच पोकळ वाजली नाही. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि त्यानेच तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकं सरळ असतं कुठे?

मग ते दोघे पार्किंगची जागा बघायला खाली गेले. "तू बघ निवांत," नवरा म्हणाला.

ती स्वयंपाकघरात शिरली.

त्या खोलीची खिडकी दोन इमारतींमधल्या बोळात उघडत होती. दिवसाउजेडी आत दिवेलागणीचा अंधार. ओटा नवा कोरा, त्यावर धुळीचा एक सारखा थर. आणि तरीही आत पाऊल टाकताच तिला वास आला. दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं की येतो, तो. कुठल्याही आईला झोपेतही ओळखू येईल असा.

ती ओट्यापाशी गेली. शेगडी नाही, भांडं नाही, काडी नाही. धुळीवर बोटाचा ठसासुद्धा नाही. खिडकीला नाक लावलं. बोळातून नुसता ओल्या विटांचा वास येत होता. करपलेलं दूध इथेच होतं, आत.

'सापडला,' ती मनात म्हणाली. 'विकलाय मेल्याने आधीच कुणालातरी. लेकुरवाळं कुटुंब राहून गेलंय.' खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. चोरी माणसाची असली की भीती वाटत नाही, राग येतो.

"ठमे, बघितलंस का?" ती वळली.

ठमी कडेवरून केव्हा उतरली होती, ते तिला कळलंच नव्हतं. पोर स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. टाचा चौकटीला टेकवलेल्या. हनुवटी वर. 'मला माप' म्हणाली नाही. खिदळली नाही. नुसती उभी, डोळे समोर.

तिच्या डोक्याच्या वर, चौकटीच्या पांढऱ्या रंगाखाली, काहीतरी निळसर होतं.

ती जवळ गेली. कातडीखालची शीर दिसावी तशा रंगाच्या आतून रेघा दिसत होत्या. एकीवर एक, शिडीसारख्या. सगळ्यांत खालची रेघ ठमीच्या डोक्याच्या बोटभर वर. तिच्या खाली एकही नाही. म्हणजे घरच्या चौकटीवर आज सकाळी जिथे ठमी संपली होती, त्याच्या पुढून इथे सुरुवात.

"असेल कुणाचं पोर," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत तिचा आवाज तिलाच परका वाटला.

पण प्रत्येक रेघेला शेपूट होतं. उजव्या टोकाला, खाली वळलेलं. जिथे गुदगुल्या होतात आणि हात घसरतो, तिथे...

तिने वर पाहिलं. शेवटची रेघ कडीच्या शेजारी, कडीच्याच उंचीला होती, आणि ती बाकीच्यांसारखी नव्हती. जाड होती. रंगाचा नवा हातही तिला झाकू शकला नव्हता. कुणीतरी त्याच जागी पुनःपुन्हा खडू फिरवला असावा, इतकी जाड. आणि तिला शेपूट नव्हतं. पट्टीने आखावी तशी सरळ. तिच्या वर चौकट कोरी.

"ठमे... चल."

ठमीने हलायच्या आधी वर बघितलं. आईकडे नाही. आईच्या खांद्याच्या मागे, मोठं माणूस कंगवा धरून उभं राहिलं असतं तर त्याचं तोंड जिथे असतं, तिथे.

"झालं?" तिने त्या जागेला विचारलं.

आईने पोरीला उचललं आणि जिना कसा उतरली ते तिला आजही आठवत नाही. पायातली चप्पल मात्र एकच घेऊन खाली आली.

तिने नवऱ्याला रेघांचं सांगितलं. तो चप्पल आणायला वर गेला. परत आला तो वैतागून.

"कुठे आहेत रेघा? चौकट कोरी करकरीत आहे. रंग ओला आहे अजून, हात बरबटला माझा."

"रंगारी आज येत नाहीत," सुपरवायझर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं हसू आटलं होतं. "वर कुणी नाहीये, साहेब."

"मग रंग ओला कसा?" तिने विचारलं. नवऱ्याने रुमालाने अंगठा पुसला. रुमालावर पांढऱ्यात निळं उतरलं होतं.

त्या संध्याकाळी घरात रण माजलं. "वासावरून आणि रेघांवरून कुणी घर सोडतं का?" तो म्हणाला. "लोकांना काय सांगू? बायकोला दुधाचा वास आला?" तिने एवढंच म्हटलं, "माझी पोर त्या घरात वाढणार नाही." शेवटी जाऊबाई धावून आल्या. रेघांचं तिने त्यांना सांगितलंच नाही, फक्त दुधाचं सांगितलं. "डबल विकलाय!" जाऊबाईंनी निकाल दिला. "भावजी, गप अंग काढून घ्या. दिलेलं बुडालं तर बुडू दे, पुढचं तरी वाचेल." थोडं बुडालं. बराच काळ नवरा जेवताना ताटाकडे बघून बोलायचा.

पुढे त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक वापरलेलं घर घेतलं. एका म्हाताऱ्या जोडप्याचं. तिने आत पाऊल टाकलं आणि नळ नाही, भिंत नाही, आधी सगळ्या दारांच्या चौकटी तपासल्या, बोटांनी, खालपासून वरपर्यंत. म्हातारी बघतच राहिली. "वाळवी नाही गं बाई आमच्याकडे." चौकटी तपकिरी, स्वच्छ. तिने सुटकेचा श्वास सोडला.

ठमीला मापायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण पोर ऐकते थोडीच? पहिल्याच आठवड्यात तिने स्वतःच खडू शोधून आणला. हट्ट, रडणं, जमिनीवर लोळण. आणि मग आईलाच वाटलं, घर वेगळं, दार वेगळं, आता कसलं भय? तिने रेघ ओढली. ठमी खिदळली, हात घसरला, शेपूट आलं. पोर शाळेत जायला लागली, रेघा चढत गेल्या. नवराही निवळला. कधीतरी तोच चिडवायचा, "हुंग बरं, आज काय करपलंय?" आणि ती हसायची.

यंदा शाळा सुरू व्हायच्या आधी तिने ठमीचा गणवेश बाहेर काढला. दरवर्षी तो वीतभर आखूड झालेला असायचा. तिने ठमीला घालून बघितला.

बरोबर बसला.

"बरं झालं, एक खर्च वाचला," जाऊबाई म्हणाल्या. "दुमड उसवायलाही नको."

"बूटपण तेच होतायत, ताई."

"मग? काही मुलं थांबून थांबून वाढतात."

नवरा म्हणाला, "तुझ्यावर गेलीय. ठेंगणी. वाढेल की!" डॉक्टरांनी तपासलं, पोर ठणठणीत आहे म्हणाले, खाऊपिऊ घाला म्हणाले. ती खाऊ घालते. पोर जेवते, खेळते, धडे पाठ म्हणते. आणि दर चार दिवसांनी ती तिला चौकटीशी उभी करते. पूर्वी ठमी मागे लागायची, आता आईच बोलावते. रेघ ओढते. रेघ रेघेवर पडते. कुणी बघू नये म्हणून ती पदराने पुसायला जाते, पण खडू लाकडात मुरलाय, पुसत नाही, उलट पसरतो. कालपर्यंत तिने मान वर करून नीट बघायचंही टाळलं होतं. काल बघितलं. रेघेच्या शेजारी, रेघेच्याच उंचीला, दाराची कडी होती.

आज सकाळी तिने पुन्हा कंगवा आडवा धरला. चुकत असेल आपलं. कंगवा तिरका होत असेल. या खेपेला अगदी सावकाश, श्वास रोखून तिने खडू टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला. मागे शेगडीवरचं दूध फसफसून उतू गेलं, करपल्याचा वास घरभर सुटला, तरी तिने हात उचलला नाही. ती वाट बघत होती. आता गुदगुल्या होतील. आता ही खिदळेल, अंग चोरेल, हात घसरेल...

रेघ सरळ पुरी झाली.

ठमी टाचा टेकवून, हनुवटी वर करून उभी होती. मग तिने वर बघितलं. आईच्या खांद्याच्या मागे.

"झालं?" तिने विचारलं.