त्यांनी सांगितलेला आकडा

लोणखेड्याच्या पाणीवापर संस्थेत सभासदांची ओळख पटवणारी संगणकप्रणाली कुंदनने स्वतः रचली होती. सभासदाच्या फोनवर सहा आकड्यांचा ओटीपी जाई. तीन मिनिटांत तो अचूक सांगितला, की माणूस खरा. कोणता आकडा उपजेल हे खुद्द कुंदनलाही आधी कळत नसे, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता.

दुपारी बाराला नानीबाई समोर येऊन बसल्या. वैशाखात त्यांचे पती भिला वारले, तेव्हा कारकुनाच्या चुकीने यादीत दोघांपुढेही ‘मयत’ उमटले. आज दुरुस्तीचा शेवटचा दिवस. नाव परतले नाही, तर पाण्याची पाळी जाणार आणि निसवणीला आलेली, घड टाकू लागलेली केळी उभ्या जागी वाळणार.

“माय, नोंद भिला आबाना नंबरवर शे. फोन लई ये.”

“फोन त्यास्ना खिसामा व्हता. चितावर गया.”

“मंग ओटीपी कोठे धाडू?”

“तू बटन दाब. आकडा मी सांगस. मी मरेल शे का?”

केवळ त्यांची समजूत पटावी म्हणून कुंदनने कळ दाबली. नानीबाईंनी डावा कान किंचित कलता केला.

“चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सात.”

कुंदनने ते भरले. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

दहा लाखांत एकदा असा योग संभवतो, असे कुंदनने मनाला बजावले. ती खूण त्याने रद्द केली, आकडे सहाचे आठ केले आणि इंटरनेटची वायर उपटली. आता आकडा या यंत्राबाहेर जाणेच अशक्य होते.

“आठ कर, नई ते अठरा कर,” नानीबाई बसल्या जागी मांड ठोकून म्हणाल्या. “मी आठून हालत नई.”

आणि त्यांनी आठ आकडे सांगितले. कुंदनने कळ अद्याप दाबलीच नव्हती.

त्याने ती दाबली. सांगितलेले आठ आकडे भरले. पुन्हा हिरवी खूण.

खोलीत ओल्या राखेचा वास दाटला होता.

“कोन सांगी ऱ्हायनं तुले?”

“त्या.”

“त्या म्हंजे कोन?”

नानीबाईंनी पदर पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. पन्नास वर्षांच्या संसारात पतीचे नाव त्यांच्या जिभेवर कधी आले नव्हते.

कुंदनने त्यांची नोंद उघडली.

“लिख. मी जिती शे. आते त्यास्नी साक्ष बी तुले पुरत नई का?”

त्याने लिहिले: हयात.

पाळीची चिठ्ठी घेऊन त्या उठल्या. दाराशी थांबून शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणाल्या, “पाळी मन्ही शे. आज मी पुढे चालसू.”

स्प्रिंगचे दार त्यांच्या पाठीमागे मिटले नाही. एक माणूस पार होईल एवढा वेळ ते उघडेच राहिले.

मग सावकाश लागले.