मागच्या चाकांचा आवाज

ती पहिल्यांदा बोलली ती त्याच्या बुटांशी.

जुन्या गाड्यांच्या लॉटवर दुपारचा पाऊस भुरभुरत होता. ती ज्या लाल गाडीसमोर उभी होती, तिच्याखालून दोन बूट बाहेर आले होते. टाचा झिजलेल्या, पण नाड्या अगदी नेटक्या बांधलेल्या.

"माझं घोडं एका जागी अडलंय," तिनं बुटांना सांगितलं. "मला जरा चपळ, स्पोर्टी गाडी हवीय. ही लाल गिअरची आहे, पण हिला पुढची चाकं ओढतात. ती पलीकडची निळी मागच्या चाकांवर चालते, पण ती ऑटोमॅटिक. मला गिअर टाकायलाही आवडतं आणि मागच्या चाकांचंही फार ऐकून आहे. आता यातलं सोडू काय?"

बूट जरासे हलले.

"मी इथला विक्रेता नाही," गाडीखालून आवाज आला. "पण प्रश्न चांगला आहे. थांबा... बाहेर येऊन ऐकतो."

तो सरपटत बाहेर आला. नाकावर ग्रीसची रेघ, हातात टॉर्च आणि चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी आपल्या आवडीचा विषय काढलाय. तो गाड्यांचा तपासनीस होता. जुनी गाडी घेण्याआधी लोक त्याला बोलवत. आज ज्या गिऱ्हाइकानं बोलवलं होतं, ते चहा पिऊन येतो म्हणून गेलं ते गेलंच होतं.

"मग माझ्यासाठी तपासा," ती म्हणाली. "दोन्ही."

"तपासतो. पण माझे नियम आहेत. पहिली फेरी मी चालवणार आणि कुणी बोलायचं नाही. दुसरी तुम्ही चालवायची. गाडी कशी आहे ते मी सांगेन, कुठली घ्यायची ते सांगणार नाही. आणि शेवटी कार्ड."

त्या कार्डाची महती लॉटच्या मालकांनी, ज्यांना सगळे काका म्हणत, तिला तिथंच ऐकवली. तपासनीस तोंडानं काहीही म्हणो, बाजार थांबायचा तो त्याच्या कार्डासाठी. शाईनं लिहिलेल्या चार ओळी आणि खाली सही. आजवर त्यातला एक शब्द खोटा निघाला नव्हता.

त्याचे जसे नियम होते, तसे तिचे कान होते. कपड्यांच्या एका कारखान्यात साठ शिलाई मशिनं होती आणि ती सगळी तिच्या हाताखालची. हात मागे बांधून ती रांगांमधून चालायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "तुझी सुई बोथट झालीय गं." सुई खरंच बोथट झालेली असायची. बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणत. घरी मात्र गाडीचा विषय निघाला, की दादाला मोठी डिकी हवी असायची आणि आईला मागे तिघं ऐसपैस बसायला हवी असायची. ही गाडी तिची एकटीची होती. आयुष्यात पहिल्यांदाच एक मोठी गोष्ट ती कुणाला न विचारता निवडणार होती, आणि ती चुकायला नको होती.

लाल गाडीत पहिली फेरी त्यानं मारली, दुसरी तिनं. तिनं एकदाही काट्याकडे पाहिलं नाही. इंजिनाचा सूर जरा वर चढला, की तिचा हात गिअरवर जायचा आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडायचा. तिसरा, चौथा, वळणाआधी परत तिसरा. लॉटवर परतल्यावरही तो समोरच बघत राहिला.

"काय झालं? चुकलं का काही?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "बारा वर्षं हे काम करतोय. कानांनी गाडी चालवणारं माणूस... पहिल्यांदा पाहिलं."

तिनं किल्ली काढायला म्हणून मान खाली घातली. किल्ली निघायला जरा वेळच लागला.

मग निळीची पाळी आली. गावाबाहेरच्या टेकडीला सात वळणं होती आणि रस्ता पावसानं चकाकत होता. काचा वर, रेडिओ बंद. पहिल्या वळणाला तिनं सवयीनं दाराची कडी घट्ट धरली. आणि मग ते झालं. गाडी कुणी ओढत नव्हतं. पाठीमागून कुणीतरी मोठ्या, खात्रीच्या हातानं तिला पुढे नेत होतं. नाक सहज आत वळलं, मागचा भाग एक केसभर बाहेर सरकला, त्यानं स्टेअरिंग अगदी किंचित सैल केलं, आणि सगळी गाडी कमरेतून वळावी तशी वळली. तिच्या काळजाचा ठोका चुकला, पण भीतीनं नाही. ओला रस्ता, खाली पसरलेलं गाव, काचेवरून तिरपे पळणारे थेंब हे सगळं एका दमात फिरलं आणि पुन्हा जागेवर आलं. एवढं अवजड लोखंड इतकं हळुवार असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सातव्या वळणापर्यंत तिच्या हातातून कडी कधी सुटली, तिला कळलं नाही.

त्याचे हातही तिला तेव्हाच दिसले. गाडीला हुकूम न देता तिला विचारणारे हात होते ते.

नियम होता म्हणून ती बोलली नाही. माथ्यावर पोचताच तिनं नुसता हात पुढे केला, चालवायची पाळी आता तिची होती.

उतरताना ती चालवायला बसली. दोनशे मीटर बरे गेले. मग पहिलं वळण दिसलं, तिचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि सापडलेल्या ब्रेकवर सगळा भार देऊन बसला. गाडी जागच्या जागी थबकली. त्याची टॉर्च, वही आणि पेन तिघंही समोरच्या काचेला भेटून आले.

"डाव्या पायाला आज सुट्टी द्या," तो शांतपणे म्हणाला.

"त्याला सुट्टीची सवय नाही हो."

"लागेल... मालकीणबाईंनी ठरवलं तर."

ती हसली, तोही हसला, आणि पुढची सहा वळणं कुणाचंच लक्ष घड्याळाकडे नव्हतं.

खाली आल्यावर तिनं विचारलं, "मग? आता कार्ड?"

त्यानं वही उघडली, मिटली. मान जराशी तिरकी केली. "मागच्या चाकांकडून बारीक आवाज येतोय असं वाटतंय. एकदा परत बघावं लागेल. परवा... जमेल?"

तिला जमणार होतं. न जमायला काय झालं होतं? पण घरी जाताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आवाज? कुठला आवाज?

परवा तिनं जिवाचे कान केले. सात वळणं वर, सात खाली. टायरांखालचं पाणी ऐकू आलं, वायपर ऐकू आले, शेजारी बसलेल्याचा श्वासही ऐकू आला. मागच्या चाकांचा आवाज मात्र नव्हता. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आहे अजून. शुक्रवारी एकदा..."

शुक्रवारीही आवाज होता म्हणे.

आठवड्याभरात तिचा धीर सुटायला लागला. कारखान्यात तिनं बाविसाव्या नंबरचं मशीन उगाचच खोललं. त्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा खोललं. "डॉक्टरीणबाई, बरं नाही का वाटत?" मुकादमबाईंनी विचारलं, आणि तिच्या हातातला पाना खाली पडला. ज्या माणसाचा शब्द बाजारात प्रमाण, त्याला ऐकू येतंय आणि आपल्याला नाही. मग दोष कुणाचा? आपले कान गेले असतील तर आपल्यापाशी उरलं काय? आणि कान ठीक असतील तर तो खोटं बोलतोय, हे तर त्याहून वाईट होतं. कारण एव्हाना तो तिला फार आवडायला लागला होता, आणि ती हे स्वतःपासून लपवत नव्हती.

शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. निळी गाडी घ्यायला संध्याकाळी कुणीतरी येणार होतं. तिला हवी असेल तर दुपारपर्यंत ठरवावं लागणार होतं.

ती लॉटवर पोचली तेव्हा तो निळ्या गाडीपाशीच उभा होता, भिजत. ती गाडीत बसली आणि शेजारचं दार उघडलं.

"बसा. आज फेरी नाही, आज फक्त कार्ड. आवाज कसला आहे?"

"बारीक."

"खरखर, की टिकटिक?"

"...मधला."

"वेग वाढवला की वाढतो?"

"कधी कधी."

"डाव्या चाकाचा, का उजव्या?"

त्यानं वहीतून एक कोरं कार्ड काढलं.

"लिहा तसं," ती म्हणाली. "लिहा, सही करा. म्हणजे मी लाल घेते आणि प्रश्न मिटतो."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. पेन कार्डावर टेकलं आणि तिथंच राहिलं, शाईचा ठिपका वाढत गेला. छतावर पाऊस पडत होता. मग त्यानं भरभर लिहिलं, सही केली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

'निळी गाडी. मागच्या चाकांना आवाज नाही. कधीच नव्हता.'

तिनं ते दोनदा वाचलं. आधी तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग तिला असा राग आला, की कार्डाचा कोपरा तिच्या मुठीत चुरगळला.

"मला वाटलं माझे कान गेले," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण थरथरला. "मी कानांवर पोट भरते. आठवडाभर चांगली मशिनं खोलत बसलेय मी. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "नाही... हे माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, फार तर दोन-तीन फेऱ्या वाढतील."

"कशाला पण?"

"कार्ड दिलं की काम संपतं. तुम्ही गाडी घेऊन निघून गेला असतात." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "मला तुम्ही आवडता. खूप आवडता. हे सरळ सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून चाकांवर ढकललं. बारा वर्षांत एकदाच खोटं बोललो, तेही नेमकं तुमच्याशी. माफी मागण्यासारखंही काही ठेवलं नाही मी."

ती खाली उतरली. मागे वळून न पाहता काकांच्या केबिनमध्ये गेली. काचेतून त्याला दिसलं, तिनं काहीतरी विचारलं, कागद पुढे ओढला, सही केली. तो गाडीतून उतरला, वही शर्टाच्या आत घातली आणि फाटकाकडे चालू लागला. मागून इंजिन सुरू झाल्याचं त्यानं ऐकलं. कुठल्या गाडीचं, ते त्याला मागे न बघताही कळलं.

निळी त्याच्या शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"गिअरचा मोह सुटला?" त्यानं कसंबसं विचारलं.

"लाल गाडीत मी हुशार असते," ती म्हणाली. "ती तर मी रोजच असते, सकाळी आठपासून. या गाडीत त्या पहिल्या वळणाला मी थक्क झाले. तसं किती वर्षांत झालं नव्हतं..." ती जरा थांबली. "तुमच्यावर रागावलेय मी. तो राग जाईल तेव्हा जाईल. पण त्या टेकडीवर एकटीनं जाववत नाही. बसा."

"माझं काम संपलं."

"म्हणून तर बसा म्हणतेय."

तो बसला. सातही वळणं ती स्वतः चालवत गेली, आणि प्रत्येक वळणाला तिच्या तोंडून नकळत एक छोटासा हुंकार निघत होता. तो रस्त्याकडे बघतच नव्हता. माथ्यावर तिनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. पाऊस विरळ झाला होता, आणि खाली सगळं गाव नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

"एक मात्र खरं," ती समोरच बघत म्हणाली. "या गाडीत गिअरच्या हाताला काही कामच नाही."

आणि तिनं तो हात दोघांच्या मध्ये ठेवला, तळवा वर करून.

आयुष्यात कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय हातात न घेणाऱ्या त्या माणसानं तो हात तसाच धरला.