डावीकडची तिरीप

प्रल्हाद आगाशे मोटारींचे हेडलाइट डिझाइन करायचा. म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत याचा पगार घ्यायचा. नोव्हायमधल्या त्या कंपनीत त्याला सात वर्षं झाली होती. पण २००८च्या नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या आसपास मोटारी कुणी घेत नव्हतं, त्यामुळे कुणाचे डोळे दिपतात याचीही कुणाला पडली नव्हती.

ग्रुपमध्ये दोन मराठी माणसं उरली होती, प्रल्हाद आणि मनोहर कर्वे. थँक्सगिव्हिंगच्या आधी त्यातला एक जाणार हे कॉफी मशीनलासुद्धा ठाऊक होतं. दोघंही व्हिसावर. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर आवरून परत. आणि प्रल्हादची आश्लेषा तर बारावीच्या ऐन मध्यावर. मनोहरने त्याला पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी चालवायला शिकवलं होतं. मनोहरला मूलबाळ नव्हतं, असं प्रल्हाद हल्ली मनातल्या मनात वरचेवर म्हणून बघत असे.

अशा वेळी बॉस गॅरीने दोघांनाही हरणाच्या शिकारीचं आमंत्रण दिलं.

"मी डास मारला तरी दोन दिवस मला अपराधी वाटतं," मनोहर लंचला म्हणाला. "तू जाणारेस?"

"मी नुसता बघणार रे. दुर्बिणीतून."

"आणि खाणार काय तिथे?"

"शुभा दशम्या देणारे."

"धन्य आहेस. एक हरणालाही दे." मनोहरने चष्मा काढून आपल्या मरून स्वेटरच्या टोकाला पुसला. त्याची ती सवयच होती, आणि त्या स्वेटरचं ते टोक त्यापायी झिजून पांढुरकं झालं होतं. "जा लेका. जायलाच हवं तुला. मीही गेलो असतो, पण जमत नाही."

प्रल्हादचं काम सोपं होतं. बंदुकीवरच्या नेम धरायच्या नळीतून गॅरीला फक्त जनावर दिसे. जनावराच्या मागे कुणी माणूस, कुणाचं घर, कुणाची गाडी नाही ना, हे शेजारच्याने दुर्बिणीतून पाहायचं आणि 'क्लिअर' म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय गॅरी गोळी झाडत नसे. त्याच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता.

आदल्या रविवारी प्रल्हादने मागच्या अंगणात सराव केला. ऊन डावीकडून येत होतं. त्याच्यासारख्या चष्मेवाल्या माणसाचा डोळा दुर्बिणीला टेकत नाही. मधे बोटभर फट राहते, त्या फटीतून तिरीप शिरते, आतल्या काचेवर आपटते आणि समोरचं चित्र साय धरल्यासारखं पांढरट होतं. वर आपल्या मागचं काहीबाही त्या काचेत उमटतं. त्याला डाव्या कडेला एक मरून डाग दिसत होता. घराच्या विटा असतील, असं त्याने ठरवलं. त्याचं घर राखाडी होतं, हे त्याच्या रात्री जेवताना लक्षात आलं. मग शेजारच्यांच्या विटा असतील.

उपाय त्याला येत होता, तो तर त्याचा धंदाच. त्याने जुनं माऊसपॅड घेतलं, कानशिलापर्यंत पोचतील असे दोन काळे पंख कापले, ते दुर्बिणीच्या डोळ्यांभोवती गुंडाळले आणि नाडीने बांधले.

"माझी शिवणाची कात्री!" शुभा दारातूनच ओरडली. "आणि ही नाडी कुणाच्या परकराची?"

"बाजूचा उजेड अडवायचाय."

"नाडीने?"

"शुभा, आपलं इथलं सगळं या शनिवारावर आहे."

ती आत गेली आणि नवी, कोरी नाडी घेऊन आली. "मग ही बांध," म्हणाली. "ती विटकी आहे, सुटेल."

शनिवारी, पंधरा तारखेला, सीझन उघडला. वेस्ट ब्रांच गावाच्या पुढे गॅरीची चाळीस एकर झाडी होती आणि तिच्या कडेला एक लाकडी मचाण. समोर पातळ बर्फाचं मैदान, पलीकडे बीचच्या झाडांची रांग. प्रल्हादने नारिंगी जाकीट घातलं होतं. त्यात तो महापालिकेच्या कामावर आल्यासारखा दिसत होता. साडेसातला ऊन आलं, बरोबर डावीकडून, बर्फावरून घसरत.

काळ्या पंखांच्या आत जग लख्ख झालं. झाडाच्या सालीवरची भेग न् भेग दिसत होती. गॅरीने दुर्बीण मागून घेतली, पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "पी," तो म्हणाला. सात वर्षांत 'प्रल्हाद' त्याच्या तोंडी बसलं नव्हतं. "पेटंट घे याचं. सोमवारी सगळ्यांना दाखव."

सोमवारी! प्रल्हादने तो शब्द जिभेखाली खडीसाखरेसारखा धरून ठेवला. ज्याला काढायचंय त्याला कुणी सोमवारचं सांगतं का?

आठच्या सुमारास नर आला. मोठा, आठ टोकांच्या शिंगांचा. रांगेतल्या जाड बीचसमोर येऊन तो आडवा उभा राहिला. गॅरीने बंदूक खांद्याला लावली. प्रल्हादने दुर्बीण उचलली आणि त्याच्या श्वासाने काच धुरकटली. पंखांचा हा तोटा त्याने हिशेबात धरला नव्हता; उजेडाबरोबर वाराही अडतो. त्याने पंख वर सारले, काच पुसली आणि तसंच पाहिलं.

तिरीप शिरली. सगळं पांढरट. नर धूसर. आणि नराच्या मागे, बीचच्या बुंध्याला टेकून, कुणीतरी बसलं होतं.

मरून स्वेटर. मांडी घातलेली. खाली मान घालून तो माणूस स्वेटरच्या टोकाने काहीतरी पुसत होता.

प्रल्हादने पंख खाली घेतले. लख्ख बर्फ, लख्ख नर, रिकामा बुंधा.

पंख वर. मनोहर.

पंख खाली. कुणी नाही.

तो इंजिनिअर होता. तिसऱ्यांदाही करून पाहिलं. तिसऱ्यांदा मनोहरने चष्मा डोळ्यांवर चढवला होता आणि मान वर केली होती.

दुर्बीण बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर दोनशे यार्डांवर नर तेवढा ठिपक्याएवढा दिसत होता. त्याने मागे वळून पाहिलं. मचाणाची फळी, तिला अडकवलेला थर्मास. काचेत उमटावं असं मागे काहीच नव्हतं. खिशातला फोन चाचपला. सिग्नलची एकही रेघ नव्हती.

"पी?" गॅरी कुजबुजला. "क्लिअर?"

"एक मिनिट."

"तो मिनिटभर थांबणार नाही. मागे काही आहे का?"

काय सांगायचं? की सहाशे फूट लांब, पायाचा एकही ठसा न उमटवता, माझा मित्र बसलाय; तो नीट पाहिलं की दिसत नाही, आणि वाईट पाहिलं की दिसतो? गॅरीच्या खिशात यादी होती. नसेल खिशात, पण होती.

"पी. हो की नाही?"

पंखांचं काम चमक काढून टाकणं. चमकेत जे दिसतं ती चूक. हे तो सात वर्षं पगार घेऊन सांगत आला होता.

त्याने पंख खाली घेतले. कानशिलांवर घट्ट दाबून धरले.

काच स्वच्छ होती.

"क्लिअर," प्रल्हाद म्हणाला.

गोळीचा आवाज मैदानावरून जाऊन परत आला. नर दोन पावलं चालला आणि बसल्यासारखा खाली गेला.

ते चालत गेले. गॅरी नराशी वाकला. प्रल्हाद थेट बुंध्यापाशी गेला. रक्त नव्हतं. पावलं नव्हती. बुंध्याशी मात्र परातीएवढ्या गोलात बर्फ वितळला होता आणि खालची पानं कोरडी होती. त्याने हातमोजा काढून हात लावला. पानं कोमट होती.

"हरणं बसतात तशी," गॅरी मागून म्हणाला. "त्यांच्या अंगाच्या उबेने होतं ते." मग त्याने प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली. "छान काम केलंस."

परतताना पेट्रोलपंपावर फोनला रेघ आली. मनोहरच्या घरी त्याच्या बायकोने, वीणाने उचलला.

"वीणा, मनोहर आहे ना घरी?"

"आहे की, भावजी. झोपलाय. आठला चहा घेत होता, मधेच म्हणाला, थंडी वाजतेय, आणि परत आडवा झाला. हीटर पंच्याहत्तरवर केलाय, दोन रजया घातल्यात, तरी पाय बर्फासारखे. उठवू का?"

"नको, नको," प्रल्हाद घाईने म्हणाला. "झोपू दे त्याला."

त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने गाडीत बसून सगळ्या दशम्या संपवल्या.

सोमवारी मनोहर ऑफिसला आला, थोडा पिवळट, बाकी नेहमीसारखा. बुधवारी अकरा वाजता त्याला खालच्या मजल्यावर बोलावलं. साडेअकराला तो खोका भरत होता. खोका उचलायला दुसरं कुणी पुढे झालं नाही, म्हणून प्रल्हादने उचलला आणि पार्किंगपर्यंत नेला. बारीक बर्फ भुरभुरत होता.

"यादी गॅरीने केली रे," खोका डिकीत ठेवत प्रल्हाद म्हणाला. "देवाशप्पथ सांगतो, मला विचारलंही नाही कुणी."

"यादीचं काही म्हणतच नाही मी." मनोहरने डिकी हळूच बंद केली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आश्लेषाचं वर्ष वाचलं, चांगलं झालं. खरंच."

तो गाडीत बसला, काच खाली केली, आणि किल्ली फिरवायच्या आधी थांबला.

"मी दोनदा हात केला होता," तो म्हणाला. "तू सरळ माझ्याकडेच बघत होतास, म्हणून हाक नाही मारली."