गुंडूच्या गुडघ्यातले पापुद्रे

पिन पुन्हा वाकलीच! शाल्मलीने ती टेबलावर आपटली आणि तिला रडूच फुटलं.

पिन होती गुंडूच्या गुडघ्याची. गुंडू म्हणजे त्यांच्या हुपरीच्या घरातला जुना यंत्रमानव. शाल्मलीला पाठुंगळी घेऊन बालवाडीत नेणारा तोच. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि उद्या त्याला न्यायला भंगाराची गाडी येणार होती.

"आबा, चांदी-तांब्याचं माप तुम्ही सांगितलं तेच घेतलं. ओतल्यावर गरम राखेत पुरून दिवसभर सावकाश निववलं. तरी वाकली!"

आबा, म्हणजे धातुशास्त्रात केस पिकवलेले तिचे आजोबा, हसले. "अगं वेडाबाई, लाडाने बिघडवलीस की!"

त्यांनी पिनेचा तुकडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याच्या पडद्यावर पापुद्र्यांसारखे जाडजाड पट्टे उमटले, एक चांदीचा, एक तांब्याचा.

"हे युटेक्टिक (ठरावीक प्रमाणातलं मिश्रण, ज्यातले दोन्ही घटक एकाच तापमानाला एकदम गोठतात). रसात दोघांचे अणू मिसळलेले असतात, गोठताना आपापल्या गटाकडे जातात. समज, मैदानावर लाल आणि निळ्या टोप्यांची मुलं मिसळून उभी आहेत. शंभर म्हणेपर्यंत गट करा म्हटलं तर?"

"लांबलांबची मुलं येऊन मोठे गट होतील."

"आणि पाचच म्हणेपर्यंत?"

"मग शेजारचाच शेजाऱ्याला धरेल. छोटे छोटे... अय्या! म्हणजे लवकर गोठवलं की पापुद्रे पातळ?"

"शाब्बास! पापुद्रे पातळ, म्हणून त्यांच्यामधल्या सीमा जास्त. ताण आला की धातू आतल्या आत घसरतो. दर सीमेवर ती घसरण अडखळते, मग पिन वाकणार कशी? पण भलतीच घाई केलीस तर रांगाच विस्कटतील. वेग हवा, तोही एकसारखा."

एकसारखा हात आणायचा कुठून? आबांचा थरथरायचा, शाल्मलीचा दमायचा.

"माझा गुडघा गेलाय, हात नाही," भिंतीला टेकून बसलेला गुंडू म्हणाला.

मग त्यानेच नव्या रसाने भरलेला साचा भट्टीतून खाली, गार पाण्याच्या नळीने वेढलेल्या कड्यातून ओढला, मिनिटाला बरोब्बर दोन बोटं. रस खालून वर गोठत गेला. या वेळी पडद्यावरचे पापुद्रे मोजता मोजता शाल्मलीचे डोळे दुखले.

नवी पिन गुडघ्यात बसली. गुंडू गुडघ्यावर वाकला. "बसा पाठुंगळी, शाल्मलीबाई."

"अरे, केवढी झालेय मी! पिन परत वाकली तर?"

"म्हणून तर बसा."

तिने डोळे मिटून त्याच्या गळ्याला मिठी मारली. गुंडू उभा राहिला, अगदी सरळ.

दुसऱ्या दिवशी गाडी आली, तेव्हा फाटक गुंडूनेच उघडलं. गाडीत आणखी तीन यंत्रमानव पडले होते, तिघेही गुडघ्यातून गेलेले. शाल्मली ड्रायव्हरकडे धावली.

"काका, न्यायचं काही नाही," ती म्हणाली. "पण या तिघांना इथंच उतरवा!"