एकाच नावाच्या चौघी

"केकवर नाव काय घालू?" मी विचारलं, आणि समोरच्या तरुणाने चक्क माझंच नाव सांगितलं!

माझ्या हातातला क्रीमचा कोन थबकला. हे नाव पणजीचं. शाळेत त्यावरून "आजीबाई, काठी कुठाय?" असं इतकं ऐकलं, की पुढे मी ते लपवूनच ठेवलं. बेकरीत मी सगळ्यांची मिनी. मग ह्याला कुणी सांगितलं? नक्कीच मालकीणबाईंनी!

"कोणासाठी आहे?" मी वर न बघता विचारलं.

"आहे एक लाडकी," तो हसला. गालाला खळी पडली. खळी गोड होती... म्हणूनच संशय वाढला.

मालकीणबाईंनी मात्र कानावर हात ठेवले. "मी कशाला सांगू गं?"

महिन्याभरात स्वारी पुन्हा हजर. पुन्हा तेच नाव.

"परवाच तर वाढदिवस झाला ना तिचा?"

"ती वेगळी, ही वेगळी."

"अरे वा! दोन-दोन?"

"चार आहेत," तो सहज म्हणाला. "एकीला जवळ घेतलं की बाकीच्या रुसतात. जीव नकोसा होतो!"

निर्लज्ज! त्याच्या बाहीवर निळा रंग सांडलेला होता, केसांत कसलीशी चमकी. कुठल्या पार्टीतून आला होता कोण जाणे. मी अक्षरं मुद्दाम घाईत काढली, तरी तो काचेला नाक लावून बघत राहिला.

"किती सुरेख काढता तुम्ही... नुसता बघायला आलो तर चालेल?"

"चौघींना विचारून या."

तो गेला, आणि मला उगाचच वाईट वाटलं. स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या वेळी त्याचा फोनच आला. त्याला निघता येत नव्हतं, केक पोचवाल का म्हणाला. मालकीणबाईंनी खोका माझ्या हातात ठेवला. "जा, एकदाचा सोक्षमोक्ष लाव."

दारात इवल्या इवल्या चपलांची रांग होती. आत बालवाडी! कागदी मुकुट घातलेला तो, गुडघ्यांवर बसून कुणाचंतरी नाक पुसत होता. मग त्याने मोठ्याने हाक मारली... माझ्या नावाने. चार चिमुरड्या धावत आल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ!"

त्याने वळून पाहिलं. "तुम्ही का ओ दिलीत?"

"माझं... नाव आहे ते."

"काहीतरीच! चेष्टा करताय." आता संशय त्याच्या डोळ्यांत होता. "हल्ली आईबाप हौसेने जुनी नावं शोधतात, म्हणून वर्गात चार झाल्या. पण चार वर्षांच्या वरची एकही मला भेटली नाही."

"आणि मला साठीच्या खालची!"

तो खदखदून हसला. "मग एवढ्या चिडायचात का माझ्यावर?"

"मला वाटलं, हाक मारताना घोटाळा नको म्हणून तुम्ही चारही एकाच नावाच्या पटवल्यात!"

त्याचे कान लाल झाले. मुकुट काढून तो हातात फिरवत राहिला. "पटवायची एकच होती... तिचं नाव विचारायचा धीर होत नव्हता." मग म्हणाला, "आता काय म्हणू तुम्हाला? बेकरीत सगळे म्हणतात तसं, मिनी?"

"नाही," मी म्हटलं. "नावानेच हाक मारा."

त्याने मारली. इतकी हळू... की चौघींपैकी एकीनेही मान वळवली नाही.