मास्कची डावी दोरी

"टेपचं ते टोक जरा धरता का?"

मी दारातून हाक मारली तेव्हा धुक्यातून नेमका तोच चालला होता. आता याला नशीब म्हणा, नाहीतर काय म्हणा...

एव्हरेट. कॅनडातल्या फंडीच्या खाडीवर लॉबस्टर पकडायच्या होड्या दुरुस्त करणारा सुतार. मास्कच्या वर दोन करडे डोळे, एवढीच ओळख. आमचं केस कापायचं दुकान साथीमुळे तीन महिने बंद होतं. आता उघडायची परवानगी मिळाली, पण दोन खुर्च्यांमध्ये दोन मीटर अंतर हवं. टेप म्हणाली, एक मीटर साठ. म्हणजे माझ्या वडिलांची, पापांची, खुर्ची काढायची. चाळीस वर्षं त्या खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस घरी बसून निम्मा झाला होता. ती खुर्ची गेली की पापाही खचणार, याची मला धास्तीच बसली होती.

हे सगळं मी एका परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे. त्याने ऐकून घेतलं, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, खुर्ची तिकडे खिडकीशी नेऊ, आरसाही तिच्यामागोमाग जाईल.

चार दिवस तो खपला. खुर्ची खिडकीशी बसवली, आरशाला चाकांची चौकट केली. काय हात होते त्याचे! एक खिळा वाकडा नाही, एक शब्द जास्तीचा नाही. मी कॉफी दारात ठेवून मागे सरकायची, मग तो उचलायचा आणि नुसतं बघायचा. मला त्या बघण्याची सवय लागली... वाईट सवय.

दुकान उघडलं त्या सकाळी माझं पहिलं गिऱ्हाईक तोच. केस पार मानेवर आलेले. खिडकीशी पापा एका म्हाताऱ्या कोळ्याचे केस कापत होते, ताठ उभे, मास्कच्या आत शीळ घालत.

"शेजारच्या गावातलं दुकान आठवड्यापूर्वीच उघडलं," मी म्हणाले. "तिकडे का नाही गेलात?"

"तिकडे टेप धरायला कोणी बोलावलं नाही."

झालं, माझं लक्ष उडालं. कानामागचे केस कापताना मास्कची दोरी काढायची आणि गिऱ्हाइकाने मास्क हाताने धरायचा... याचा मी आठवडाभर सराव केला होता. ऐन वेळी विसरले. कात्री चालली, आणि केसांबरोबर डावी दोरीही गेली.

मास्क एका कानावर लोंबला. त्याचा अख्खा चेहरा पहिल्यांदाच आरशात दिसला. हनुवटीवर जुना व्रण, आणि ओठांवर हसू. ते बहुतेक चारही दिवस तिथे होतं, मलाच दिसलं नव्हतं.

त्याने चटकन तळहात तोंडावर धरला. मी लाजून चूर.

"थांबा, नवा मास्क देते..."

"दे. पण आधी सांग," तो हाताआडून म्हणाला, "रविवारी धक्क्यावर येशील? मला आवडतेस तू. दोन मीटरवर बसू हवं तर. टेप मी आणतो."

मी इतक्या पटकन हो म्हणाले, की खिडकीशी शीळ थांबली.

"ओडेट," पापा कात्री न थांबवता म्हणाले, "रविवारी खुशाल जा. आत्ता त्याची उजवी दोरी तेवढी सांभाळ."